घटक ४ : सरन्यायाधीश जॉन मार्शल आणि न्यायसत्तेची जडणघडण

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• जॉन मार्शल यांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना कालक्रमाने सांगता येतील.
• मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्याची पार्श्वभूमी, निकाल व परिणाम स्पष्ट करता येतील.
• अमेरिकेतील न्यायसत्ता कशी बलवान होत गेली आणि तिच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचे विवेचन करता येईल.
• थोर व्यक्तीच्या चरित्रातील उजळ आणि काळ्या अशा दोन्ही बाजूंचा विचार करून स्वतःचे मत बनवता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण सेनानी, समाजसुधारक आणि साहित्यिक यांची चरित्रे पाहिली. सेनानीच्या हाती शस्त्र असते, सुधारकाच्या पाठीशी चळवळ असते, साहित्यिकाजवळ वाचकवर्ग असतो. न्यायाधीशाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्या हुकमतीखाली सैन्य नसते, राज्याच्या तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते आणि लोकांनी त्याला निवडूनही दिलेले नसते. असे असूनही लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने केलेला कायदा तो रद्दबातल ठरवू शकतो. हा अधिकार त्याला कोठून मिळतो? लोक तो का मानतात? आणि लोकांनी तो मानला नाही तर काय होते?

या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या जीवनात एकत्र सापडतात, असा न्यायाधीश म्हणजे जॉन मार्शल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे ते चौथे सरन्यायाधीश. १८०१ ते १८३५ अशी चौतीस वर्षे ते या पदावर होते. ते आले तेव्हा या न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती आणि फारशी प्रतिष्ठाही नव्हती. ते गेले तेव्हा इमारत नव्हतीच. पण अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्या बरोबरीची तिसरी सत्ता म्हणून न्यायालय उभे राहिले होते. हे परिवर्तन कसे घडले, ते आपण या घटकात समजून घेणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण आणि सैनिकी जीवन

जॉन मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीच्या सीमाभागात एका साध्या लाकडी घरात झाला. पंधरा भावंडांमध्ये ते थोरले. वडील टॉमस मार्शल जमीनमोजणीचे काम करीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचा चांगला परिचय होता. आई मेरी ही रँडॉल्फ या प्रतिष्ठित घराण्याशी नाते असलेली. याच घराण्यामुळे टॉमस जेफरसन हे मार्शल यांचे दूरचे नातलग लागत. हे नाते लक्षात ठेवा. कारण पुढे या दोन नातलगांतील वैर अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासाचा एक भाग बनले.

सीमाभागात शाळा नव्हत्या. मार्शल यांना औपचारिक शिक्षण फार थोडे मिळाले. वडिलांनी घरी आणलेली पुस्तके हीच त्यांची खरी शाळा. इंग्लिश काव्य आणि ब्लॅकस्टोन यांचा इंग्लंडच्या कायद्यावरील ग्रंथ त्यांनी तरुणपणीच वाचला.

१७७५ मध्ये इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तेव्हा मार्शल एकोणीस वर्षांचे होते. वडिलांबरोबर ते स्थानिक पथकात दाखल झाले आणि पुढे वॉशिंग्टन यांच्या सैन्यात अधिकारी म्हणून लढले. ब्रँडीवाइन, जर्मनटाउन आणि मॉनमथ या लढायांत त्यांनी भाग घेतला. परंतु त्यांच्या विचारांवर सर्वांत खोल ठसा उमटला तो एखाद्या लढाईचा नव्हे, तर १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथे पडलेल्या छावणीचा. त्या छावणीत पुरेसे अन्न नव्हते, कपडे नव्हते, अनेकांच्या पायांत जोडेही नव्हते. शत्रूची एकही गोळी न लागता, केवळ रोगराईने आणि हालअपेष्टांनी सुमारे दोन हजार सैनिक तेथे मृत्युमुखी पडले.

ही उपासमार का झाली? देशात धान्य नव्हते असे नाही. तेरा राज्यांची मिळून जी मध्यवर्ती काँग्रेस होती, तिला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागावेत आणि त्यांनी दिले तर घ्यावेत, एवढेच तिच्या हाती होते. जे सरकार आपल्या सैनिकांना भाकरी देऊ शकत नाही, ते राष्ट्र कसे चालवणार, हा प्रश्न मार्शल यांच्या मनात येथेच रुजला. मध्यवर्ती सत्ता समर्थ असली पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका त्यांनी ग्रंथांतून जितकी घेतली, त्याहून अधिक त्या छावणीतून घेतली असे म्हणता येईल.

४.२.२ वकिली, राजकारण आणि राज्यघटनेची मान्यता

१७८० मध्ये विल्यम अँड मेरी महाविद्यालयात जॉर्ज विथ यांची कायद्यावरील व्याख्याने त्यांनी काही आठवडे ऐकली. कायद्याचे त्यांचे औपचारिक शिक्षण एवढेच. त्याच वर्षी त्यांना वकिलीची सनद मिळाली. १७८२ मध्ये ते व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १७८३ च्या जानेवारीत मेरी अँब्लर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. घरात तिला पॉली म्हणत. रिचमंड शहरात त्यांनी संसार थाटला आणि थोड्याच वर्षांत तेथील आघाडीचे वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

१७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे नवी राज्यघटना तयार झाली. ती अमलात येण्यासाठी राज्यांची मान्यता आवश्यक होती. व्हर्जिनियात जून १७८८ मध्ये यासाठी परिषद भरली. पॅट्रिक हेन्री आणि जॉर्ज मेसन यांच्यासारख्या मातब्बर नेत्यांचा घटनेला विरोध होता. मध्यवर्ती सरकार एवढे बलिष्ठ झाले तर राज्यांचे आणि नागरिकांचे स्वातंत्र्य धोक्यात येईल, अशी त्यांना भीती वाटत होती. ही भीती निराधार नव्हती, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. बत्तीस वर्षांच्या मार्शल यांनी त्या परिषदेत न्यायव्यवस्थेसंबंधीच्या कलमांची बाजू मांडली. काँग्रेसने घटनेने आखून दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊन कायदा केला, तर न्यायाधीश तो निरर्थक ठरवतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. पुढे पंधरा वर्षांनी हाच विचार त्यांनी न्यायासनावरून मांडला. शेवटी ८९ विरुद्ध ७९ मतांनी व्हर्जिनियाने घटनेला मान्यता दिली.

यानंतर मार्शल यांचा राष्ट्रीय राजकारणात प्रवेश झाला. १७९७ मध्ये अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी फ्रान्सला पाठविलेल्या तीन सदस्यांच्या शिष्टमंडळात ते होते. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या हस्तकांनी वाटाघाटींपूर्वी लाच मागितली. ती नाकारून परतलेल्या मार्शल यांचे मायदेशी मोठे स्वागत झाले. पुढे वॉशिंग्टन यांच्या आग्रहावरून त्यांनी निवडणूक लढवली व प्रतिनिधिगृहात प्रवेश केला. १८०० मध्ये ते अ‍ॅडम्स यांचे परराष्ट्रमंत्री झाले.

४.२.३ दुर्बळ न्यायालयाचे नेतृत्व

१८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स यांच्या संघराज्यवादी पक्षाचा पराभव झाला. टॉमस जेफरसन यांचा रिपब्लिकन पक्ष सत्तेवर येणार हे निश्चित झाले. याच सुमारास सरन्यायाधीश ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. अ‍ॅडम्स यांनी प्रथम माजी सरन्यायाधीश जॉन जे यांना पुन्हा ते पद देऊ केले. जे यांनी नकार दिला. या न्यायालयाला वजन नाही आणि ते कधी मिळेल असेही वाटत नाही, असे त्यांचे मत होते. तेव्हा अ‍ॅडम्स यांनी समोरच असलेल्या आपल्या परराष्ट्रमंत्र्याची निवड केली. ४ फेब्रुवारी १८०१ रोजी मार्शल यांनी शपथ घेतली. अ‍ॅडम्स यांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे आणखी एक महिना, ते परराष्ट्रमंत्रिपदाचे कामही पाहत राहिले. हा तपशील लहान वाटला तरी पुढील कथेचा तोच पाया आहे.

जॉन जे यांचे मत अवास्तव नव्हते. नव्या राजधानीत काँग्रेससाठी भवन आणि अध्यक्षांसाठी निवासस्थान यांची योजना झाली होती. सर्वोच्च न्यायालयासाठी मात्र जागाच ठेवलेली नव्हती. काँग्रेसच्या इमारतीतील समितीच्या एका खोलीत त्याचे कामकाज सुरू झाले. न्यायाधीशांचा बराच काळ दूरदूरच्या फिरत्या न्यायालयांसाठी खराब रस्त्यांवरून प्रवास करण्यात जाई.

मार्शल यांनी पहिला बदल केला तो कामाच्या पद्धतीत. तोपर्यंत प्रत्येक न्यायाधीश आपापले मत स्वतंत्रपणे वाचून दाखवीत असे. त्यामुळे न्यायालयाचे म्हणणे नेमके काय, हेच कळत नसे. मार्शल यांच्या काळात संपूर्ण न्यायालयाच्या वतीने एकच निकालपत्र देण्याची प्रथा रूढ झाली. राजधानीत असताना सर्व न्यायाधीश एकाच खाणावळवजा निवासात राहत, एकत्र जेवत आणि तेथेच खटल्यांची चर्चा करीत. मार्शल स्वभावाने मोकळे, विनोदप्रिय आणि दुसऱ्याचे ऐकून घेणारे होते. विरोधी पक्षाच्या अध्यक्षांनी नेमलेले न्यायाधीशही हळूहळू त्यांच्याशी सहमत होत गेले. एका आवाजात बोलणारे न्यायालय ही मार्शल यांची पहिली निर्मिती होय.

४.२.४ मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३)

आता आपण मार्शल यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाच्या खटल्याकडे वळू.

सत्ता सोडण्यापूर्वी अ‍ॅडम्स यांनी आपल्या पक्षाच्या अनेकांना न्यायखात्यात पदे दिली. त्यांत राजधानीच्या जिल्ह्यासाठी नेमलेले बेचाळीस शांतता-न्यायाधीश होते. ३ मार्च १८०१ रोजी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सिनेटने या नेमणुकांना मान्यता दिली. अध्यक्षांनी नियुक्तिपत्रांवर सह्या केल्या. परराष्ट्रमंत्र्याने त्यांवर राजमुद्रा उमटवून ती संबंधितांना पोहोचवायची होती. हे परराष्ट्रमंत्री म्हणजे मार्शलच. मुद्रा उमटली, परंतु घाईगर्दीत काही पत्रे पोहोचवायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी जेफरसन अध्यक्ष झाले. त्यांना शपथ दिली तीही मार्शल यांनीच. उरलेली पत्रे देऊ नयेत, असा आदेश जेफरसन यांनी दिला.

पत्र न मिळालेल्यांपैकी विल्यम मार्बरी आणि अन्य तिघांनी नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांच्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आमची नियुक्तिपत्रे द्यावीत असा परमादेश मॅडिसन यांना द्यावा, अशी त्यांची मागणी होती. काँग्रेसमधील जेफरसन यांच्या पक्षाचे बहुमत आधीच न्यायखात्यावर रुष्ट होते. त्यांनी १८०२ मध्ये न्यायालयाची सत्रेच बदलली. परिणामी जवळजवळ चौदा महिने सर्वोच्च न्यायालय भरलेच नाही.

१८०३ च्या फेब्रुवारीत सुनावणी झाली, तेव्हा मार्शल यांच्यासमोर दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही घातक होत्या. परमादेश दिला असता तर मॅडिसन यांनी तो जुमानला नसता आणि न्यायालयाची दुर्बलता जगजाहीर झाली असती. मागणी फेटाळली असती तर न्यायालय सत्तेला घाबरले, असा अर्थ निघाला असता.

२४ फेब्रुवारी १८०३ रोजी मार्शल यांनी निकालपत्र वाचले. न्यायालय एकमत होते. त्यांनी तीन प्रश्न क्रमाने घेतले. पहिला प्रश्न, मार्बरी यांचा पदावर हक्क आहे काय? आहे, कारण सही आणि मुद्रा झाल्यावर नेमणूक पूर्ण झाली. दुसरा प्रश्न, हक्क डावलला गेल्यास कायद्याने दाद मिळते काय? मिळते, कारण कायद्याचे राज्य म्हणजे हक्काला उपाय असणे, आणि मंत्रीही कायद्याच्या वर नाही. तिसरा प्रश्न, ही दाद सर्वोच्च न्यायालयाने द्यावी काय? येथे मार्शल यांनी वळण घेतले. १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाच्या तेराव्या कलमाने असा परमादेश थेट देण्याचा अधिकार या न्यायालयास दिला आहे. परंतु राज्यघटनेने न्यायालयाचे प्रारंभिक अधिकारक्षेत्र ठरवून दिले आहे आणि काँग्रेसला साध्या कायद्याने ते वाढवता येत नाही. म्हणून ते कलमच घटनाबाह्य ठरते. घटना आणि कायदा यांत विरोध आला तर न्यायाधीशाने घटनाच मानली पाहिजे. कारण तिचे पालन करण्याची शपथ त्याने घेतलेली असते.

या निकालाची रचना नीट समजून घ्या. मार्बरी हरले, त्यांना पद मिळाले नाही. जेफरसन यांचे सरकार खटला जिंकले; त्यामुळे त्यांना अवज्ञा करण्याजोगा आदेशच उरला नाही. न्यायालयाने काँग्रेसने दिलेला एक लहान अधिकार स्वतःहून नाकारला. आणि तो नाकारतानाच, काँग्रेसचा कायदा घटनेच्या कसोटीवर तपासण्याचा फार मोठा अधिकार प्रस्थापित केला.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावयास हवे. पहिली गोष्ट, न्यायालयीन पुनर्विलोकनाची कल्पना मार्शल यांनी शोधून काढली, हे म्हणणे अचूक नाही. काही राज्यांच्या न्यायालयांनी हा विचार आधी मांडला होता आणि अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये त्याची तपशीलवार मांडणी केली होती. मार्शल यांनी त्या विचाराला सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचे बळ दिले. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. ज्या पत्रांवरून वाद झाला, ती न पोहोचण्यास स्वतः मार्शल यांचे कार्यालय जबाबदार होते. ती पोहोचविण्याच्या कामात त्यांचा भाऊ जेम्स सहभागी होता. अशा खटल्यात त्यांनी न्यायाधीश म्हणून बसणे आजच्या दृष्टीने उचित ठरणार नाही. शिवाय तेराव्या कलमाचा वेगळा, घटनेशी सुसंगत अर्थ लावता आला असता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. न्यायसत्तेचा पायाच ज्याने घातला, तो निकाल असा वादातीत नसलेल्या परिस्थितीत दिला गेला, ही वस्तुस्थिती आपण झाकू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) व्हॅली फोर्ज येथील सैनिकांच्या हालांमागील राजकीय कारण कोणते?
(२) मार्बरी यांनी न्यायालयाकडे कोणता आदेश मागितला होता?
(३) कोणत्या अधिनियमाचे कोणते कलम घटनाबाह्य ठरले?

४.२.५ न्यायालयावरील संकट आणि बर खटला

मार्बरी निकालाने संघर्ष मिटला नाही. १८०४ मध्ये प्रतिनिधिगृहाने न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्यावर महाभियोग चालवला. चेस हे संघराज्यवादी पक्षाचे उघड समर्थक होते व न्यायासनावरून राजकीय भाषणे करीत. त्यांना दूर करण्यात यश आले तर पुढचा क्रम मार्शल यांचा, अशी चर्चा होती. १ मार्च १८०५ रोजी सिनेटने चेस यांना दोषमुक्त केले. दोषी ठरविण्यासाठी लागणारे दोनतृतीयांश मत कोणत्याही आरोपावर पडले नाही. न्यायाधीशाची मते पटत नाहीत म्हणून त्याला पदावरून काढायचे नाही, हा संकेत येथे दृढ झाला. त्याच वेळी न्यायाधीशांनी पक्षीय प्रचारापासून दूर राहावे, हा धडाही न्यायालयाने घेतला.

या महाभियोगाच्या वेळी सिनेटच्या अध्यक्षस्थानी होते उपाध्यक्ष एरन बर. दोनच वर्षांनी, १८०७ मध्ये, हेच बर देशद्रोहाच्या आरोपाखाली रिचमंड येथे मार्शल यांच्यासमोर उभे राहिले. त्यांना शिक्षा व्हावी अशी जेफरसन यांची तीव्र इच्छा होती. मार्शल यांनी देशद्रोहाची घटनेतील व्याख्या काटेकोरपणे लावली. प्रत्यक्ष कृती आणि त्या कृतीचे दोन साक्षीदार असल्याशिवाय कोणालाही देशद्रोही ठरवता येत नाही, या भूमिकेमुळे बर सुटले. खटल्यासाठी आवश्यक कागदपत्रे सादर करण्याचा समन्स त्यांनी खुद्द अध्यक्षांच्या नावे काढला होता. बर यांच्याविषयी जनमत प्रतिकूल होते आणि या निकालामुळे मार्शल यांच्यावर कठोर टीका झाली. सत्ताधाऱ्यांना नको असलेल्या माणसावर देशद्रोहाचा शिक्का मारणे किती सोपे असते, याचा विचार केल्यास त्या काटेकोरपणाचे मोल कळते.

४.२.६ संघराज्याची उभारणी

यानंतरच्या काळात मार्शल यांच्या न्यायालयाने दिलेल्या निकालांपैकी काही प्रमुख निकाल येथे पाहू.

फ्लेचर विरुद्ध पेक (१८१०) : जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने लाच घेऊन प्रचंड जमीन विकली. पुढच्या विधिमंडळाने तो व्यवहार रद्द केला. दरम्यान जमीन तिसऱ्याच खरेदीदारांकडे गेली होती. करार मोडणारा कायदा राज्याला करता येत नाही, असे सांगून न्यायालयाने रद्द करणारा कायदा अवैध ठरवला. राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचे हे पहिले महत्त्वाचे उदाहरण.

मॅकलक विरुद्ध मेरीलँड (१८१९) : काँग्रेसने स्थापन केलेल्या राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर मेरीलँड राज्याने कर बसवला. शाखेचे रोखपाल जेम्स मॅकलक यांनी तो भरला नाही. घटनेत बँक हा शब्दही नाही, मग काँग्रेसला बँक काढण्याचा अधिकार कसा, असा राज्याचा प्रश्न होता. मार्शल यांनी उत्तर दिले की घटना ही बारीकसारीक नियमांची वही नसते. तिने सोपविलेली मोठी कामे पार पाडण्यासाठी योग्य ती साधने निवडण्याचा अधिकार त्या कामांतच अंतर्भूत असतो. यालाच गर्भित अधिकारांचा सिद्धांत म्हणतात. आणि सर्व जनतेने निर्माण केलेल्या संस्थेला एका राज्याने कराच्या बोजाखाली चिरडू देता येत नाही, असेही त्यांनी ठरवले. व्हॅली फोर्जच्या उपाशी सैनिकाचे उत्तर या निकालपत्रात आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

गिबन्स विरुद्ध ऑग्डेन (१८२४) : न्यूयॉर्क राज्याने आपल्या पाण्यात वाफेच्या बोटी चालविण्याची मक्तेदारी काही जणांना दिली होती. शेजारच्या न्यू जर्सीतून येणाऱ्या गिबन्स यांच्या बोटींना त्यामुळे मज्जाव झाला. त्यांच्याजवळ केंद्राच्या कायद्यानुसार परवाना होता. राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन हा काँग्रेसचा विषय असून जलवाहतूक हा त्या व्यापाराचाच भाग आहे, असे सांगून मार्शल यांनी मक्तेदारी मोडली. एकसंध राष्ट्रीय बाजारपेठेच्या वाढीस या निकालाने मोठा हातभार लावला.

या निकालांनी मार्शल यांच्या जन्मभूमीत, व्हर्जिनियात, त्यांच्याविरुद्ध तीव्र रोष निर्माण झाला. मॅकलक निकालावर वृत्तपत्रांतून टीका झाली, तेव्हा त्यांनी टोपणनावाने लेख लिहून निकालाचे समर्थन केले.

४.२.७ न्यायसत्तेच्या मर्यादा

आतापर्यंतचे विवेचन वाचून मार्शल यांचे जीवन म्हणजे विजयांची मालिका होती, असा तुमचा समज होण्याची शक्यता आहे. तो दुरुस्त करणारे दोन विषय आता अभ्यासू.

पहिला विषय चेरोकी लोकांचा. जॉर्जिया राज्याला या मूलनिवासी राष्ट्राची भूमी हवी होती. १८३० मध्ये काँग्रेसने मूलनिवासींच्या स्थलांतराचा कायदा केला. चेरोकी लोकांनी लढाई केली नाही. ते न्यायालयात गेले. १८३१ मध्ये मार्शल यांनी त्यांचा दावा परकीय राष्ट्राचा नाही, या कारणाने ऐकण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी सॅम्युएल वूस्टर या धर्मप्रसारकाचा खटला आला. राज्याचा परवाना न घेता चेरोकी भूमीत राहिल्याबद्दल जॉर्जियाने त्यांना सक्तमजुरीची शिक्षा दिली होती. या वेळी मार्शल यांनी स्पष्ट निर्णय दिला : चेरोकी हा स्वतंत्र समाज आहे, त्याच्या भूमीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत आणि वूस्टर यांची शिक्षा अवैध आहे.

जॉर्जियाने निकाल मानला नाही. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी चेरोकींच्या रक्षणासाठी काही केले नाही. वूस्टर यांना पुढे राज्यपालांच्या माफीने सुटका मिळाली. चेरोकींना मात्र काहीच मिळाले नाही. मार्शल यांच्या मृत्यूनंतर, १८३८-३९ मध्ये, सैन्याने त्यांना घराबाहेर काढून पश्चिमेकडे नेले. त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे चार हजार चेरोकी मरण पावले, असा अंदाज आहे. १८०३ मध्ये मार्शल यांनी अवज्ञेची संधीच ठेवली नव्हती. १८३२ मध्ये न्यायाची मागणी अशी होती की ती संधी टाळता आली नाही, आणि न्यायालयाचा शब्द कागदावरच राहिला.

दुसरा विषय गुलामगिरीचा. मार्शल स्वतः अनेक गुलामांचे मालक होते. गुलामगिरी हे अरिष्ट आहे असे त्यांना वाटे. परंतु त्यावर त्यांना सुचलेला मार्ग म्हणजे मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवणे. १८१३ मध्ये मिमा क्वीन या स्त्रीने आपली पूर्वज स्त्री स्वतंत्र होती, म्हणून आपणही स्वतंत्र आहोत, असा दावा केला. पुरावा होता तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या आठवणींचा. ज्यांना अक्षरओळखच होऊ दिली नाही, त्यांच्याजवळ दुसरा कोणता पुरावा असणार? मार्शल यांनी ऐकीव पुराव्याचा नियम लावून तो नाकारला. न्यायमूर्ती गॅब्रिएल ड्यूव्हल यांनी मात्र भिन्न मत नोंदवले आणि अशा दाव्यात तो पुरावा ग्राह्य धरावा असे सांगितले. म्हणजे वेगळा विचार त्या काळातही, त्याच न्यायासनावर शक्य होता. काळच तसा होता, एवढे म्हणून आपल्याला येथे थांबता येत नाही. हक्काला उपाय असलाच पाहिजे, असे मार्बरी खटल्यात सांगणाऱ्या न्यायाधीशाने मिमा क्वीनला उपाय दिला नाही, हे त्यांच्या चरित्रातील मोठे वैगुण्य होय.

४.२.८ व्यक्तिमत्त्व आणि अखेरचा काळ

मार्शल उंच, काहीसे ओबडधोबड बांध्याचे आणि पोशाखाबाबत बेफिकीर होते. सरन्यायाधीश असतानाही ते रिचमंडच्या बाजारात स्वतः जाऊन सामान आणीत. त्यांना न ओळखणाऱ्या एका तरुणाने आपली खरेदी घरी पोहोचवायला सांगितली आणि त्यांनी ती मुकाट्याने पोहोचवली, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. न्यायालयाच्या कामातून वेळ काढून त्यांनी वॉशिंग्टन यांचे पाच खंडांचे चरित्र लिहिले. ते १८०४ ते १८०७ या काळात प्रसिद्ध झाले.

पॉलीची प्रकृती आयुष्यभर नाजूक राहिली. दहा अपत्यांपैकी सहाच मोठी झाली. तिला थोडाही आवाज सहन होत नसे. म्हणून मार्शल घरात पावलांचा आवाज होऊ न देता वावरत. १८३१ च्या नाताळच्या दिवशी ती वारली. त्याच वर्षी मार्शल यांच्यावर मुतखड्याची अवघड शस्त्रक्रिया झाली होती. तीतून ते बरे झाले व पुन्हा कामावर रुजू झाले. ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फिया येथे, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्या कारकिर्दीत त्यांनी पाचशेहून अधिक निकालपत्रे लिहिली. विशेष म्हणजे मार्बरी खटल्यानंतर त्यांच्या न्यायालयाने काँग्रेसचा एकही कायदा पुन्हा घटनाबाह्य ठरवला नाही. मिळवलेले शस्त्र त्यांनी म्यानातच ठेवले.

४.२.९ भारतीय संदर्भ

अमेरिकेच्या घटनेत न्यायालयीन पुनर्विलोकनाचा स्पष्ट उल्लेख नाही. तो अधिकार मार्शल यांना तर्काने सिद्ध करावा लागला. भारतीय घटनाकारांसमोर हा दीड शतकाचा अनुभव होता. म्हणून भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत ठरतील, असे स्पष्टच लिहिलेले आहे. अनुच्छेद ३२ नुसार नागरिकाला आपल्या मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडून परमादेशासारखे आदेश मागता येतात. मार्बरी यांना जे दार बंद आढळले, ते आपल्या संविधानाने मूलभूत हक्कांपुरते उघडे ठेवले आहे.

४.३ सारांश

जॉन मार्शल यांनी युद्धकाळातील अनुभवातून समर्थ मध्यवर्ती सत्तेचा विचार स्वीकारला. एकमुखी निकालपत्राची प्रथा, मार्बरी खटल्यातील न्यायालयीन पुनर्विलोकन आणि मॅकलक व गिबन्स खटल्यांतील केंद्राचे व्यापक अधिकार, ही त्यांची प्रमुख देणगी होय. न्यायालयाचे सामर्थ्य युक्तिवादावर, संयमावर आणि लोकांच्या व शासनाच्या मान्यतेवर उभे असते, हे १८०३ च्या यशाने आणि १८३२ च्या अपयशाने सारखेच सिद्ध केले. गुलामगिरीच्या प्रश्नात मात्र त्यांची न्यायबुद्धी स्वतःच्या वर्गहिताची सीमा ओलांडू शकली नाही.

४.४ पारिभाषिक शब्द

न्यायालयीन पुनर्विलोकन : कायदा किंवा शासनाची कृती घटनेशी सुसंगत आहे की नाही हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार.
परमादेश : कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य पार पाडावे, असा अधिकाऱ्याला दिलेला न्यायालयाचा आदेश.
प्रारंभिक अधिकारक्षेत्र : खटला खालच्या न्यायालयात न जाता प्रथमच ऐकण्याचा अधिकार.
गर्भित अधिकार : घटनेत शब्दशः न लिहिलेले, परंतु लिहिलेल्या अधिकारांतून ओघाने निष्पन्न होणारे अधिकार.
महाभियोग : उच्चपदस्थाला गैरवर्तनाबद्दल पदच्युत करण्याची विधिमंडळातील प्रक्रिया.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

(१) मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता.
(२) नियुक्तिपत्र देण्याविषयीचा परमादेश मागितला होता.
(३) १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाचे तेरावे कलम.

४.६ स्वाध्याय

(१) मार्बरी खटल्यातील तीन प्रश्न व त्यांची मार्शल यांनी दिलेली उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा.
(२) मार्बरी निकाल आणि वूस्टर निकाल यांची तुलना करून न्यायसत्तेचे बळ व मर्यादा स्पष्ट करा.
(३) मिमा क्वीन खटल्याच्या आधारे मार्शल यांच्या न्यायदृष्टीचे मूल्यमापन करा.
(४) निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी निवडून आलेल्या विधिमंडळाचा कायदा रद्द करणे तुम्हाला योग्य वाटते काय? दोन्ही बाजूंचा विचार करून उत्तर लिहा.